मयुरी भोईरचा उजवा खांदा

"सर तिला भर मैदानात म्हणाले, 'ह्या फटक्यावर तू वाशीची खाडी ओलांडणार नाहीस.' मंडळी, सरांना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं! पोरीच्या पोटात आग पेटावी म्हणून बोलले ते. वर्षभर मुद्दाम मागे ठेवली तिला, तापवली, आणि मग सोडली. आज अख्खा देश ती आग बघतोय. ह्याला म्हणतात गुरू!"

शिरवण्याच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी परवा सत्काराच्या व्यासपीठावरून हे सांगितले. टाळ्या झाल्या. माझ्या अंगावर शाल होती, हातात नारळ होता, आणि मी मान डोलावली.

हे भाषण खोटे आहे. त्यातले एकच वाक्य खरे आहे — मी बोललो ते. बाकी सगळे लोकांनी रचले, आणि मी रचू दिले. का रचू दिले, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. माझ्या मुलाला नाही, ज्यांच्याबरोबर रोज सकाळी नेरूळच्या तलावाभोवती फिरतो त्या मित्रांना नाही. तुम्हांला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सोपे जाईल — नाही, सोपे जाणार नाही. पण सांगतो.

मी भांडखोर माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो, तेव्हा तीन मुख्याध्यापकांशी माझे पटले नाही. निवृत्तीनंतर नेरूळच्या मैदानावर मुलींसाठी क्रिकेटचे वर्ग सुरू केले, तेव्हा मैदान वापरण्यावरून फुटबॉलवाल्यांशी भांडलो. सोसायटीच्या सभेत मी उठून उभा राहिलो की चिटणीस पंखा वाढवतात. चुकीचे विधान माझ्या कानांवरून नुसते जात नाही, ते तिथेच अडकते. मग हे एवढे मोठे चुकीचे विधान इतकी वर्षे कसे गेले? — हाच तर प्रश्न आहे.

पण आधी मुलीविषयी. तिच्याविषयीसुद्धा लोक वाटेल ते बोलतात.

वाहिनीवरचा एक समालोचक म्हणाला, "हिच्या मनगटात निसर्गदत्त ताकद आहे." चूक. निसर्गाने तिला काहीही दिलेले नाही. जे दिले ते तिच्या वडिलांच्या इमारतीने दिले. शिरवण्याच्या गावठाणात ज्या गल्लीत मयुरी वाढली, तिथे दोन्ही बाजूंची घरे एवढी जवळ आहेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटीभर कालवण देता-घेता येते. त्या गल्लीत क्रिकेट खेळायचे तर नियम गल्लीच ठरवणार. डावीकडच्या किंवा उजवीकडच्या भिंतीला चेंडू लागला, तर बाद. मारायचे ते सरळ आणि वर. गल्लीच्या टोकाला भोईरांचे घर आडवे उभे. त्याच्या गच्चीवर चेंडू पडला, तर षटकार. षटकाराला तिथे षटकार म्हणत नाहीत — 'स्लॅब' म्हणतात. आणि शेवटचा नियम : जो मारेल त्यानेच वर जाऊन चेंडू आणायचा.

मयुरी खेळू लागली, तेव्हा भोईरांचे घर एकमजली होते. शेती गेली होती, एमआयडीसीतल्या कामगारांना खोल्या हव्या होत्या. भरतशेठ भोईरांनी — म्हणजे तिच्या वडिलांनी — एक मजला चढवला. मग आणखी एक. मग आणखी. मजला चढला की स्लॅब वर जायचा, आणि कालपर्यंत पुरणारा फटका आज तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर आपटून खाली यायचा. मग मुलीने काय करावे? ती बॅट आणखी मागे नेई, आणखी खाली वाकून चेंडूच्या पोटात शिरे. घर वाढत गेले तसा फटका वाढत गेला. आणि तिच्या पायांतली ताकद कुठून आली, म्हणून पत्रकार विचारतात? जिन्यातून! प्रत्येक षटकारामागे चार मजले चढायचे आणि चार उतरायचे — कुठल्या व्यायामशाळेत असा अभ्यासक्रम आहे, मला दाखवा.

भरतशेठ तिला स्कूटरवरून माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा ती चौदा-पंधराची असेल.

"सर, ही घरान टिकत नाय," ते म्हणाले. "भाडेकरू कंप्लेंट करतान, रोज दुपारी वर धम्म वाजते म्हनून. तुमी हिला मैदानावर घ्या, म्हंजे माजी बिल्डिंग वाचंल."

मी घेतली. आणि इथे माझे जे आहे ते मी सोडणार नाही. चामड्याच्या चेंडूला न घाबरता पुढचा पाय टप्प्यापर्यंत न्यायला तिला मी शिकवले. बचाव मी शिकवला. चेंडू गोलंदाजाच्या हातात असतानाच वाचायला मी शिकवले. ते माझे आहे. त्यात कोणी वाटेकरी नाही.

पण तिचा फटका माझा नाही. तो फटका मी मोडायला निघालो होतो.

माझे सगळे आयुष्य एका शिकवणीवर उभे होते — कोपर वर, डोके चेंडूवर, चेंडू जमिनीवर. उचललेला चेंडू म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेली भेट. हे मी कित्येक पिढ्यांना सांगितले, आणि ज्यांनी ऐकले त्या चांगल्या खेळल्या. मयुरी ऐकायची. खरोखर ऐकायची — मान खाली घालून, दोन्ही हात बॅटच्या मुठीवर ठेवून. मग पुढचा चेंडू आला की ती तो माझ्या डोक्यावरून कुंपणाबाहेर भिरकावून द्यायची, आणि मी काही बोलण्याच्या आत तो आणायला धावत सुटायची. नेटमध्ये चेंडू आणायला दुसऱ्या मुली ठेवलेल्या असतात, हे तिला कितीदा सांगितले. "नाय सर, मारला त्याने आनायचा," असे म्हणून ती जायचीच.

अशाच एका सकाळी मी ते वाक्य बोललो. सगळ्या मुली ऐकत होत्या. "ह्या फटक्यावर तू वाशीची खाडी ओलांडणार नाहीस." अर्थ उघड होता — खाडीपलीकडे मुंबई, मुंबईत मोठे क्रिकेट, तिथे तुझे हे गल्लीतले चालायचे नाही. तिने क्षणभर विचार केला आणि अगदी मनापासून विचारले :

"पन सर, खाडी तर आडवी हाय. मी उभी बिल्डिंग ओलांडते."

मुली हसल्या. तिचा हेतू हसवण्याचा नव्हता, हे मला त्याही वेळी कळले होते. पण त्या हसल्या — माझ्या मैदानावर, मला. एका मुलीला तर हसता हसता उचकी लागली.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होते? मीही तेच म्हणालो असतो. एखाद्या शिक्षकाला मुली हसल्या, तर त्याने घरी जावे, चहा प्यावा, विसरून जावे. मी गेलो, चहा प्यालो. विसरलो नाही.

त्यानंतर काही दिवसांनी — हे मी टाळत टाळत इथपर्यंत आणले आहे, दिसते आहे ना? — एक बाई मैदानावर आल्या. एकेकाळच्या नावाजलेल्या यष्टिरक्षक. एकोणीस वर्षांखालील मुलींच्या मोठ्या शिबिरासाठी खेळाडू शोधत त्या मैदाने पालथी घालत होत्या. त्यांना पनवेलला पुढचे मैदान गाठायचे होते. गाडी चालूच होती. त्या मला म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे एक उंच मारणारी मुलगी आहे, असं ऐकलं. आम्हांला तशीच हवी आहे. कुठे आहे ती?"

मयुरी त्या वेळी मैदानावर नव्हती.

मी म्हणालो, "तिच्या उजव्या खांद्याला दुखापत आहे. ह्या हंगामात तरी नको."

एवढेच. बाईंनी हळहळून मान हलवली, दुसऱ्या दोन मुलींचे चार-चार चेंडू उभ्याउभ्याच पाहिले, त्यांची नावे घेतली आणि गेल्या.

मयुरीच्या खांद्याला काहीही झालेले नव्हते. मी असे का बोललो? मला तिचा राग होता का? नव्हता. ती मला आवडायची. सगळ्या मुलींमध्ये जास्त आवडायची. मग का? — मी म्हणालो होतो की ती ह्या फटक्यावर खाडी ओलांडणार नाही. आणि आता नेमका हाच फटका मागायला खाडीपलीकडून माणूस दारात आला होता. माझे भाकीत माझ्या डोळ्यांसमोर खोटे पडत होते. म्हणून मी ते खरे केले. दुसरे काहीही कारण नाही. मी शोधून पाहिले आहे, नाही.

त्या दोघी शिबिराला गेल्या. मयुरी गेली नाही. भरतशेठ संध्याकाळी आले, चपला दाराबाहेर काढून सोफ्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "सर, आमचा काय चुकला, तेवरा सांगा. आमी सुदारू."

मी सांगितले, "फटका चुकला."

"बरा," ते म्हणाले. "तुमी सांगाल ते आमाला मान्य हाय." आणि माझ्या हातांत भाकरीच्या तांदळाची पिशवी ठेवून गेले.

मग मयुरीने तो फटका सोडला. हा भाग अध्यक्षांच्या भाषणात नसतो! आग पेटली म्हणे. कुठली आग? मुलगी विझली. हंगामभर तिने एकही चेंडू उचलला नाही. कोपर वर, डोके चेंडूवर, चेंडू जमिनीवर — मी सांगितले तसे, जसेच्या तसे. चेंडू बॅटवरून निघे आणि चार पावलांवर मरे. गल्लीतले खेळणेही तिने थांबवले. भोईरांच्या चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरणीने तिच्या आईला म्हणे विचारले, "मयू बीमार आहे का? छपरावर आवाज येत नाही हल्ली." आणि मी? मी त्या मरतुकड्या फटक्यांकडे बघून तिला शाबासकी दिली. "आता खेळाडू दिसतेस," असे म्हणालो. ते ऐकून ती हसली — उपकार झाल्यासारखी.

ही शाबासकी त्या खोट्यापेक्षा वाईट होती, असे मला वाटते. खोटे एका श्वासात बोलून झाले. शाबासकी मी हंगामभर देत होतो.

पुढे जे घडले, त्यात माझा वाटा शून्य आहे. तरीही ते सांगताना माझा ऊर भरून येतो, आणि ते मी लपवणार नाही.

पुढच्या वर्षी शिरवण्याच्या मैदानावर गावोगावच्या महिलांच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरल्या. मांडव, ढोल, खुर्च्यांवर पांढरी कापडे. बक्षीस द्यायला त्याच बाई आल्या होत्या. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. अंतिम सामन्यात शिरवण्याच्या बायका हरत आल्या होत्या, आणि मयुरी माझ्या शिकवणुकीप्रमाणे चेंडू जमिनीवरून ढकलत होती. तेवढ्यात सीमारेषेवरून तिची आत्या ओरडली. कोळंबी सोलताना चाळीस घरांना ऐकू जाणारा तिचा आवाज. त्याला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती.

"ए मयू! काय झारू मारतेस का आंगनान? स्लॅब टाक!"

मैदान खदखदून हसले. मग एकाने धरले, दुसऱ्याने धरले — "स्लॅब! स्लॅब!" आणि मी पाहिले : मयुरीने माझ्याकडे बघितले. परवानगी मागत होती. मी मान हलवली नाही, होकारार्थी नाही आणि नकारार्थीही नाही. दगडासारखा बसून राहिलो. तिने नजर काढून घेतली, बॅट मागे नेली — खूप मागे, चार मजल्यांएवढी मागे — आणि चेंडू ढोलवाल्यांच्या, मांडवाच्या, विजेच्या तारांच्या वरून गेला.

त्यानंतर तिने थांबायचे नाव घेतले नाही. सामना जिंकून झाला, तरी लोक "स्लॅब" ओरडतच होते. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खांदा बरा झाला वाटतं!"

"हो," मी म्हणालो.

पाहिलेत? दुसऱ्यांदा.

बाईंनी तिला तिथूनच नेले. शिबिर, मग राज्याचा संघ, मग परराज्यांतली मैदाने. जिथे ती गेली, तिथे तो फटका गेला. भल्या भल्या प्रशिक्षकांनी तो मोडायचा प्रयत्न केला असेल; ती तोवर शहाणी झाली होती. मग देशातल्या सर्वांत मोठ्या लीगच्या लिलावात एका संघाने तिला घेतले. भोईरांच्या घरी दूरदर्शन संचासमोर अख्खी गल्ली बसली होती, आणि तिचे नाव पुकारले गेले तेव्हा चौथ्या मजल्याची भाडेकरीणच सर्वांत आधी रडली, असे मला भरतशेठांनी सांगितले.

आणि पहिला सामना कुठे? नेरूळच्या मोठ्या स्टेडियमवर. खाडीच्या ह्याच बाजूला! खाडी ओलांडून आता मुंबई तिला बघायला आली होती. माझ्या त्या वाक्याचे याहून पूर्ण वाटोळे कोणी करू शकले नसते.

मी प्रेक्षकांत होतो. मागच्या रांगांत सगळे शिरवणे. मयुरी आली, पहिला चेंडू पुढचा पाय नेऊन अडवला — माझा पाय, माझा बचाव. मी शेजाऱ्याला सांगितलेसुद्धा. दुसरा चेंडू तिने सरळ मारला. गोलंदाजाच्या डोक्यावरून, त्यामागच्या साइटस्क्रीनच्या पडद्यावरून, दिव्यांच्या उजेडात तो वर चढत राहिला आणि समोरच्या वरच्या सज्ज्यात जाऊन पडला. त्या सज्ज्याची उंची मी डोळ्यांनी मोजली. चार मजले.

मागून आवाज उठला — "स्लॅब!" शेजारचा माणूस मला विचारू लागला, "काका, हे काय ओरडतात?" मीही उभा राहून तेच ओरडत होतो. घसा फुटेपर्यंत. सगळ्या आयुष्यात उचललेल्या चेंडूसाठी मी पहिल्यांदा टाळी वाजवली, आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर फटका होता.

इथेच थांबलो असतो, तर माझी शाल माझ्याकडे राहिली असती. पण परवाच्या सत्कारात अध्यक्षांनंतर बाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "मी मयुरीला एक वर्ष आधीच नेणार होते. पण तिचा खांदा दुखावलेला होता, आणि सरांनी मला ते प्रामाणिकपणे सांगितलं. दुसरा असता तर त्याने दुखरी मुलगीही पुढे ढकलली असती."

मयुरी समोर बसली होती. तिला ठाऊक होते की तिचा खांदा कधी दुखावलेला नव्हता. मी तिच्याकडे बघितले. ध्वनिक्षेपक तिच्याकडे गेला, आणि ती हसून म्हणाली, "हो, तेव्हा खांदा दुखायचा खरा."

ती माझ्यासाठी खोटे बोलली. चार हजार लोक असतील, नसतील — सगळ्यांसमोर.

नंतर पाया पडायला आली, तेव्हा खाली वाकलेलीच राहून, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाली, "कॅम्पच्या पहिल्या दिवशीच बाईंनी इचारलेला, सर, खांदा कसा हाय म्हनून. तवाच दुकायला लागला." आणि उठून, तशीच हसत, सेल्फीवाल्यांत निघून गेली.

म्हणजे एवढी वर्षे तिला ठाऊक होते. एवढी वर्षे ती दिवाळीला फराळ घेऊन येत होती.

मला हे मान्य नाही. अध्यक्षांचे भाषण मान्य नाही, बाईंची साक्ष मान्य नाही, आणि मयुरीची तर मुळीच मान्य नाही. माझ्या खोट्याला आधार द्यायला तिने स्वतःचा खांदा पुढे करावा? मी अनेकांशी भांडलो आहे. आज तिच्याशी भांडतो. मयुरी, तू व्यासपीठावरून जे सांगितलेस, ते चूक आहे. मी तुला तापवले नाही. तुझे वर्ष मी घेतले, आणि माझे एक वाक्य राखण्यासाठी घेतले.

कोणी म्हणेल, सर म्हातारे झाले, आठवणीत गफलत होते. कदाचित थोडे दुखत असेलही खांद्यात, त्या सकाळी ती आली नव्हती ना? म्हणून जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. तिच्यावर कोणालाही वाद घालता येणार नाही, मलासुद्धा नाही. बाई मैदानावर आल्या, मी खांद्याचे सांगितले, तेव्हा मयुरी तिथे नव्हती — कारण नुकताच तिने मारलेला चेंडू कुंपण, रस्ता आणि पलीकडचा नाला ओलांडून गेला होता, आणि ती तो आणायला गेली होती.